तिरकं, जाड आणि कोपरे मारलेलं

आमच्याकडे सरळ उभं अक्षर दिसलं की माणूस आधी खिसा चाचपतो. सरळ अक्षर तहसीलच्या नोटिशीवर असतं, वीजबिलावर असतं, बँकेच्या जाहीर लिलावात असतं. चांगली बातमी आमच्याकडे तिरकी येते. नांदेडहून लातूरला निघून बघा. लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. तुळजापूर-बुटीबोरी महामार्ग झाल्यापासून रस्ता पुष्कळ सरळ झाला, पण त्याच्या दोन्ही अंगांची अक्षरं एकूण एक उजवीकडे कललेली. साहेबांचा वाढदिवस तिरका, सोसायटीच्या चेअरमनपदी झालेली निवड तिरकी, 'बोअरवेल मारून मिळेल' तिरकं, आणि दम बिर्याणी तर इतकी तिरकी की हंडी कलंडते की काय अशी भीती वाटावी. शिवाय ही अक्षरं नुसती तिरकी नाहीत. ती जाड आहेत, अंगाने भरलेली आहेत, आणि त्यांना टोक म्हणून कुठे नाही. कोपरा आला की तो गोल.

छपाईच्या शास्त्रात याला बोल्ड इटॅलिक राउंडेड सॅन्स सेरिफ म्हणतात. हे नाव मी नांदेडात एका फ्लेक्सच्या दुकानात उच्चारून पाहिलं. ऑपरेटरने मान वर केली.

"ते काय असतंय मला माहीत नाही सर. तुम्हाला जाड, तिरकं, कोपरे मारून पाहिजे का?"

मी हो म्हणालो.

"मग तसं बोला की."

फाँट म्हणजे कुणीतरी महिनोन् महिने बसून आखलेली, एकेका अक्षराचं वजन तोललेली वस्तू, अशी माझी समजूत होती. आमच्या या अक्षराच्या वाट्याला असा कुणी बसलेला माणूस आलेला नाही. ते दर वेळी ताजं केलं जातं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. सुरुवात श्री-लिपीतल्या एखाद्या साध्या, नाकासमोर चालणाऱ्या फाँटने होते. श्री-लिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, आणि तिच्यातले फाँट नावापेक्षा नंबरानेच जास्त ओळखले जातात. ऑपरेटरला ते तोंडपाठ. बायकोचा मोबाइल नंबर विचारला तर तो फोन उघडून बघेल, पण लग्नपत्रिकेला कुठला नंबर आणि दहाव्याच्या कार्डाला कुठला हे झोपेतही सांगेल.

मग तो एफ बारा दाबतो. कोरलड्रॉमध्ये एफ बारा दाबलं की अक्षराला कड द्यायची खिडकी उघडते. अक्षर लाल तर कडही लालच, आणि चांगली रुंद. अक्षर जागेवर फुगतं. झालं बोल्ड. पण कड रुंद झाली की एक भानगड उद्भवते. जिथे दोन रेषा चिंचोळ्या कोनात भेटतात तिथून कडेचं टोक बाहेर पडतं. 'र'च्या पायातून एक सुळा, 'क्ष'च्या पोटातून दोन, आणि 'श्री' तर पार बाभूळ होऊन उभी राहते. त्याच खिडकीत कोपरे कसे हवेत हे विचारलेलं असतं: टोकदार, गोल की छाटलेले. ऑपरेटर गोलावर टिचकी मारतो आणि सगळे काटे एकदम मोडतात. म्हणजे ज्या गोलाईवर जगभरचे अक्षररचनाकार मार्दव, आपुलकी, खेळकरपणा असली व्याख्यानं देतात, ती आमच्याकडे काटे काढण्यासाठी आली. आपुलकी नंतर चिकटली.

राहिलं तिरकं करणं. अक्षरावर दोनदा टिचकी मारायची, चौकटीच्या वरच्या कडेला आडवे बाण येतात, ते धरून उजवीकडे ओढायचं. किती ओढायचं? इंग्रजी पुस्तकातलं इटॅलिक साधारण दहा-बारा अंशांच्या आसपास कललेलं असतं. आमच्याकडे कोन मोजण्याचं एकक 'बास' हे आहे. गिऱ्हाईक मागे खुर्चीत बसून पडद्याकडे बघत असतं आणि ते 'बास' म्हणेपर्यंत ओढायचं. ऑपरेटरचा अनुभव असा की गावचा सरपंच लवकर बास म्हणतो. जिल्हा परिषदेच्या इच्छुकाला मात्र हात धरून थांबवावं लागतं.

"हे लई सरळ दिसूलालंय की."

"सरळ कुठाय दादा, तिरकंच हाय."

"तिरकं हाय, पण पळंना गेलंय."

या 'पळंना गेलंय'पुढे कुठल्याही डिझाइन कॉलेजचं काही चालणार नाही. अक्षर पळालं पाहिजे. कुठे, हा प्रश्न विचारायचा नसतो.

आता अशा रीतीने फुगवून, घासून आणि ओढून काढलेल्या देवनागरीचे काही हाल होणारच. जाडीचा पहिला बळी 'भ'. 'भ' आणि 'म' यांच्यात फरक तो केवढा? 'भ'च्या डोक्यावरची शिरोरेषा जराशी तुटलेली आणि तिथे एक गाठ. कड रुंद झाली की ती फट बुजते आणि 'भ'चा 'म' होतो. एरवी याने कुणाचं काही बिघडलं नसतं, पण आमच्या सार्वजनिक जीवनाचा निम्मा भार 'भ'ने उचललेला आहे. भाऊ, भैय्या, भावी, भव्य, भूमिपूजन. जाड अक्षरात भाऊंचं माऊ होतं. 'माऊंना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा', आणि खाली गॉगल, पांढरा शर्ट, पीळ दिलेल्या मिशा. मिशांमुळे मजकूर पटूनही जातो. 'मावी आमदार' आता इतक्या ठिकाणी दिसतात की त्यांचा वेगळा पक्ष काढता येईल. 'धडाडीचे नेतृत्व' बघता बघता 'घडाडीचे' होतं. त्यात मात्र मला काही चूक वाटत नाही, उलट आवाजासकट चित्र उभं राहतं.

तिरकेपणाचा हिशेब वेगळा. अक्षर ओढलं की शिरोरेषेच्या वरचं सगळं उजवीकडे सरकतं आणि खालचं डावीकडे मागे राहतं. रोमन अक्षराला याची झळ नाही, त्याच्या डोक्यावर फार तर 'आय'चं एक टिंब. आमच्या अक्षराच्या डोक्यावर अख्खा संसार: मात्रा, अनुस्वार, रफार, चंद्र, वेलांटीची कमान. 'नांदेड' हौसेने ओढलं की अनुस्वार 'ना'ची साथ सोडून 'दे'च्या मात्रेपाशी जाऊन बसतो आणि गाव 'नादेंड' होतं. 'हार्दिक'चा रफार 'क'वर उडी मारायच्या बेतात असतो. लातूरचं उलटं. तिथे 'तू'चा ऊकार मागे सरकून 'ला'च्या कान्याखाली शिरतो. एकंदरीत नांदेडचं डोकं पुढे जातं आणि लातूरचा पाय मागे राहतो. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला या वादात ज्यांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, त्यांना हा मुद्दा कसा सुचला नाही याचं मला नवल वाटतं. लातूरकरांनी रागावू नये. गोलाईच्या बाबतीत त्यांचा मान मोठा आहे, तिकडे येतोच.

या तिन्ही गुणांची मूळ गावं परदेशात आणि एकमेकांपासून लांब. तिरकं अक्षर व्हेनिसचं. १५०१ साली आल्डस मानुशियस या प्रकाशकाने व्हर्जिलच्या कवितांचं हातात मावेल असं पुस्तक काढलं आणि त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोकडून विद्वानांच्या हस्ताक्षरासारखा कललेला टाइप पाडून घेतला. अख्खं पुस्तक तिरकं. तिरकं म्हणजे जोर, ही कल्पना पुष्कळ नंतरची. जाड अक्षर लंडनचं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि ते जन्मलंच जाहिरातीसाठी. गोल कोपऱ्यांच्या अक्षराला खरी प्रतिष्ठा दिली फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीने, १९७९ साली स्वतःच्या जाहिरातींसाठी तसा टाइप घडवून. म्हणजे पुस्तक, जाहिरात आणि मोटार. यातलं पुस्तक वगळलं तर अहमदपूरच्या रस्त्यावरच्या कुठल्याही ट्रॅक्टर शोरूमच्या फलकाची वंशावळ पूर्ण झाली.

सेरिफचा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही. सेरिफ म्हणजे अक्षराच्या पायाला टाच, आणि देवनागरी अक्षर पाय टेकवून उभंच राहत नाही, ते वरच्या रेषेला धरून लोंबतं. आपल्याकडे फरक होता तो बोरूचा. बोरू तिरपा कापलेला, म्हणून रेषा कुठे जाड तर कुठे बारीक. खिळ्यांच्या छापखान्यांनीही तेच वळण उचललं. तिरकं देवनागरी पाडायची चैन त्यांना परवडण्यासारखी नव्हती. काना, मात्रा, जोडाक्षरं धरून देवनागरीच्या केसला शेकडो खण, त्यात तिरक्यांचा दुसरा संसार कोण मांडणार? मराठी छापखान्यात जोर द्यायचा तो काळ्या टाइपाने. 'बारा पॉइंट काळा' म्हटलं की कंपोझिटरला पुढचं सांगावं लागत नसे. बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. इतक्या मायेने अक्षरांकडे बघणाऱ्या त्या माणसाला एफ बारा बघावा लागला नाही, ही एक बरी गोष्ट.

हल्ली शहाणी माणसं या क्षेत्रात पुष्कळ आहेत. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक' नावाचा फाँट आहे, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा. त्यातली अक्षरं इतकी लठ्ठ की पोटातल्या पोकळीची नुसती चीर उरते, पण 'भ' मात्र शेवटपर्यंत 'भ'च राहतो. अक्कल लागते ती इथे. त्याच मंडळींचा 'बलू', नाव अस्वलाचं, जाड आणि गुबगुबीत. दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हींत तिरकं रूप नाही. इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'पॉपिन्स'मध्ये देवनागरीला रीतसर इटॅलिक आहे, ती देवनागरी निनाद काळे यांची. अ‍ॅपलच्या संगणकात 'श्री देवनागरी ७१४' काळी, तिरकी आणि काळी-तिरकी अशी सगळ्या रूपांत बसलेली असते. पण आमच्या दुकानात अ‍ॅपल आला तर फळवाल्याकडूनच. तिथला संगणक जुना, त्यातला कोरल त्याहून जुना, आणि जुन्या कोरलमध्ये युनिकोड टाकलं की वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. गिऱ्हाईक मजकूर पाठवतं व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे युनिकोडमध्येच. मग ऑपरेटर मोबाइल कीबोर्डला टेकवून उभा करतो आणि सगळं पुन्हा टाइप करतो, शुभेच्छुकांच्या चाळीस नावांसकट. या चाळीस जणांत नावाच्या आकारावरून भांडण ठरलेलं असतं. "माझं नाव त्याच्यापेक्षा बारीक का?" यावर त्याचा तोडगा असा की आकार सगळ्यांचा एकच ठेवायचा आणि जो जास्त ओरडतो त्याची कड थोडी रुंद करायची. लोकशाहीत एवढी जाडी चालते.

पुण्याचे काही मित्र आमच्या फलकांकडे बघून नाक मुरडतात. त्यांचं बरोबर आहे. पुण्यात पाटीवरचं अक्षर सरळ असतं आणि मजकूर तिरका. आमच्याकडे अक्षर तिरकं असतं आणि मजकूर सरळ: या, जेवा, आम्हाला निवडून द्या.

आणि तिरकं अक्षर आम्हाला कोरलने शिकवलं असंही समजू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. शाळा, कचेरी, कोर्ट सगळं उर्दूत. उर्दूची नस्तालीक जात्याच तिरकी आणि गोल. शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे घसरत खाली येतो, वाटेत कुठे कोपरा लागत नाही. ती खिळ्यांत नीट बसेना, म्हणून कातिबाने हाताने लिहायची आणि दगडावर उतरवून छापायची, असं फार वर्षं चाललं. आमच्या आज्यांच्या पिढीतल्या पुष्कळांनी शाळेत हेच वळण गिरवलं. घरोघरच्या ट्रंकेत जमिनीचे जे जुने कागद आहेत ते त्याच तिरक्या अक्षरात, आणि वाचता येत नाहीत म्हणून फार जपून ठेवलेले. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना जो भाव आला, तो एखाद्या इच्छुकाला तिकीटवाटपाच्या रात्रीही येत नाही.

नांदेडच्या पेंटरचं तर मला कायम कौतुक वाटत आलंय. गुरुद्वाऱ्याच्या या गावात मराठी, उर्दू, गुरुमुखी आणि इंग्रजी अशा चार लिप्या एकाच भिंतीवर रंगवायचा प्रसंग पेंटरवर कधीही येतो. देगलूर-धर्माबादकडे गेलात तर पाचवी तेलुगू, आणि ती जन्मजात गोल. ऑइल पेंटमध्ये बुडवलेला गोल ब्रश, रेषा ओढून उचलला की तिचा शेवट आपसूक गोल होतो. कोपऱ्यात 'अमुक आर्ट्स' अशी झोकदार सही, बहुधा पूर्ण पाटीतलं सगळ्यात सुंदर अक्षर तेच. फ्लेक्स आला आणि पेंटर गेला असं सगळे म्हणतात, पण तो पूर्ण गेला नाही. ऑपरेटर जे ओढून-ताणून करतो ते पेंटरच्या मनगटाची नक्कल आहे. फरक एवढाच की पेंटरला मात्रा कुठे सरकवायची हे कळायचं, माउसला कळत नाही.

लातूरच्या गोलाईला मात्र तोड नाही. तिथल्या बाजारपेठेचं नावच गंजगोलाई. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती वाटोळी इमारत, आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. नवख्या माणसाने गोलाईत शिरून ज्या रस्त्याने आला त्याच रस्त्याने बाहेर पडून दाखवावं. इथे सपाट फलक लावायचा म्हणजे वाटोळ्या भिंतीशी भांडण. कितीही ताणून बांधा, 'भव्य' या रस्त्यावरून दिसतं आणि 'सेल' पुढच्या.

पण लातूरची खरी अक्षरं बघायची तर शिकवणीच्या गल्ल्यांत. लातूर पॅटर्नची ख्याती राजर्षी शाहू महाविद्यालयापासून. तिथले प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, म्हणजे या बाबतीत तरी दोन्ही गावांचं पटलं. त्या पॅटर्नचं आता काय काय झालंय ते फलक वाचून कळतं. नीटचा निकाल लागला की रात्रीतून गल्ली बदलते. मुलाचं नाव बारीक, त्याचे सातशे वीसपैकी गुण जाड, आणि ज्या सरांनी शिकवलं त्यांचं नाव गुणांहून जाड. सर हात बांधून उभे, मुलं गोल चौकटींत. फिजिक्सचे सर जास्त तिरके असतात, बायोलॉजीचे जरा गोल. कुणी विचारेल की शिक्षणाच्या पवित्र क्षेत्रात हे असलं अक्षर कशाला? अहो, ज्या गावात हजारो मुलं वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करत बसलेली आहेत, त्या गावातलं अक्षर काळं आणि गोल नाही होणार तर काय होणार?

जाडीबद्दल तर वादच नको. शेजारशेजारच्या या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले: नांदेडचे शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. २००८च्या डिसेंबरात तर खुर्ची विलासरावांकडून अशोकरावांकडे, थेट लातूरहून नांदेडला आली. असल्या हवेत अक्षर बारीक ठेवणं म्हणजे कार्यकर्त्याने निष्ठेत कसूर करणं.

तिरक्याचं समर्थन एकच, वेग. म्हणून तर पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांवर एकही सरळ अक्षर सापडायचं नाही, उलट प्रत्येक अक्षराच्या मागे वाऱ्याच्या चार रेघा. एकदा संध्याकाळी अशी गाडी उभी असताना तिला प्रदक्षिणा घालून बघा. ड्रायव्हरच्या बाजूला उभं राहिलं की गाडीचं तोंड आपल्या उजव्या हाताला आणि अक्षरंही उजवीकडे झुकलेली. गाडी जागेवर असून पळते आहे. आता वळसा घालून दाराच्या बाजूला या. गाडीचं तोंड डाव्या हाताला गेलं, पण अक्षरं तशीच उजवीकडे, म्हणजे शेपटाकडे कललेली. गाडीने करकचून ब्रेक मारलाय. आणि प्रवासी चढतो तो याच बाजूने. ड्रायव्हरच्या बाजूचं अक्षर सांगतं, निघालो. दाराच्या बाजूचं सांगतं, अजून दोन सीट भरायच्यात. माझा अनुभव असा की दाराच्या बाजूचं अक्षर कधी खोटं बोललेलं नाही. याच बाजूला नाव नस्तालीकमध्ये रंगवलं असतं तर ते आपसूक गाडीच्या तोंडाकडे धावत गेलं असतं, आणि नांदेडात ते रंगवणारे हातही मिळाले असते. मी ऑपरेटरला सुचवलं की दाराच्या बाजूची अक्षरं निदान उलटी तिरकी करा. तो म्हणाला, "केलती एकदा सर. मालक म्हणाले, गाडी रिव्हर्स चाललीय का?"

कायद्यानेही या अक्षरांशी दोन हात करून पाहिले. मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ला बेकायदा फलकांबद्दल महापालिकांना आणि पालिकांना चांगला खरमरीत निकाल दिला. तेव्हापासून मोहीम निघते, फलक उतरतात, आणि उतरलेले फलक गावाकडे जातात. तिथे ते सोयाबीनच्या गंजीवर घालतात. परतीच्या पावसात दहा बाय वीसचा मावी आमदार गंजीवर उताणा पडून शेतकऱ्याचं पीक वाचवताना मी पाहिला आहे. निवडून आल्यावर याहून ठोस काम त्याच्या हातून झालं असतं का, मला शंका आहे. २०२२च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवरचं मराठी अक्षर इतर भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये असंही ठरलं. आनंदच आहे. पण कायदा फूटपट्टी घेऊन आला आणि कोनमापक घरी विसरला. त्यामुळे मराठी अक्षर आता इंग्रजीएवढं मोठं आहे आणि पूर्वीइतकंच कलंडलेलं आहे.

तिरकेपणाला एकच अपवाद, आणि तो कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक सरळ. फाइल बहुधा वाढदिवसाचीच असते, ती काढायला वेळ लागत नाही. केक पुसायचा, हार घालायचा, रंग काढून घ्यायचे, कोन शून्य करायचा. परवा त्या दुकानात असाच एक पुतण्या आला होता. सोबत चार माणसं, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. ऑपरेटरने न विचारता अक्षर सरळ केलं. पुतण्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"सरळ कशाला केलाव?"

"श्रद्धांजलीला सरळच करतेत दादा."

"आमचा काका जिंदगीत सरळ नव्हता. आता कशाला सरळ करूलालाव?"

मागच्या चौघांनी माना हलवल्या. ऑपरेटरने नावावर दोनदा टिचकी मारली, बाण धरला आणि हळूच ओढलं. जरासं ओढल्यावर पुतण्या म्हणाला, "बास."

"अन् खाली शुभेच्छुकांची नावं होती, ती?"

"शोकाकुल टाका तिथं. पण तिरकीच राहू द्या. आम्ही हाव अजून."